थंडीतल्या पुटकुळ्या: पेरॉक्साइड की अडापॅलीन?

निफाडच्या कुंदेवाडीत, गहू संशोधन केंद्रात, पारा एक आकडी झाला की पेपरात बातमी येते. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जातील म्हणून बागायतदार रात्रभर जागे राहतात. साधारण त्याच आठवड्यात माझे गाल उलतात आणि हनुवटीवर पुटकुळ्या उठतात. दोन्ही एकाच वेळी. वरून पापड, आतून पू.

ठाण्यात होतो तोवर माझा हिशोब सोपा होता. चेहरा तेलकट म्हणून पुटकुळ्या. चेहरा कोरडा झाला की त्या जाणार. ठाण्याची थंडी म्हणजे पंखा दोनवरून एकवर आणणं, त्यामुळे या हिशोबाची कधी परीक्षाच झाली नाही. नाशिकला आल्यावर पहिल्याच डिसेंबरात तो फसला. हवेत ओलावा नसला की कातडीतलं पाणी उडतं, वरच्या मेलेल्या पेशी नीट झडत नाहीत आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. आतलं तेल काही थांबत नाही. त्यावर आपण गिझरचं कढत पाणी घेतो, साबण घासतो, चेहरा ताणला की खोबरेल चोपडतो आणि कानटोपी कपाळापर्यंत ओढतो. मग बूच आणखी घट्ट.

पुटकुळ्यांवर लावायच्या बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अडापॅलीन या दोन औषधांत निवड करायची वेळ आलेले बरेच जण भेटतात. गेल्या महिन्यात मावसभावाने विचारलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही. दोन्ही औषधं दोन-दोन हिवाळे चेहऱ्यावर वापरली आहेत, एवढाच माझा अधिकार.

आधी पेरॉक्साइडच्या बाजूने बोलतो, कारण पुढे मी त्याच्याशी थोडा अन्याय करणार आहे.

बेन्झॉइल पेरॉक्साइडचा मोठा गुण म्हणजे ते लगेच कामाला लागतं. लाल, ठसठसणारी, टोकाला पिवळी झालेली पुटकुळी असेल तर तीन-चार दिवसांत ती बसताना दिसते. छिद्रात ऑक्सिजन सुटतो आणि तिथल्या जंतूंना तो सोसवत नाही. जंतू त्याला सरावतही नाहीत. अँटिबायोटिक मलमांचं तसं नाही. नुसतं क्लिंडामायसिन महिनोन्महिने लावत बसलं की ते हळूहळू निकामी होतं. म्हणून शहाणे डॉक्टर ते एकटं देत नाहीत, जोडीला पेरॉक्साइड देतात.

टक्केवारीच्या मोहात मात्र पडू नका. मी पडलो होतो. अडीच टक्क्यांनी होतं तेवढंच काम साधारण पाच आणि दहा टक्क्यांनी होतं. वाढते ती आग आणि कोरडेपणा. हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे, तरी मेडिकलमध्ये "स्ट्राँग आहे, घेऊन जा" म्हणून जास्त टक्क्यांचीच ट्यूब पुढे येते. थंडीत अडीचच्या वर जाण्यात मला तरी काही अर्थ दिसला नाही.

आणखी एक सूचना, थंडीशीच जोडलेली. पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होतं आणि त्यातून थोडं बेन्झीन, म्हणजे कर्करोगाशी जोडलं जाणारं रसायन, तयार होऊ शकतं. यावर मध्यंतरी बराच गाजावाजा झाला. २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, ९५ उत्पादनं तपासली. नव्वद टक्क्यांहून जास्त उत्पादनांत बेन्झीन सापडलं नाही किंवा अगदी नगण्य सापडलं. मोजकी काही बाजारातून मागे घेतली गेली. घाबरण्यासारखं नाही, पण बाथरूममध्ये गिझरखालच्या फळीवर ट्यूब ठेवायची सवय सोडलेली बरी. माझी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बाटलीशेजारी असते. घरचे नाक मुरडतात.

इथवर ऐकून कोणीही म्हणेल, मग प्रश्न काय आहे?

प्रश्न आहे गोधडीचा.

आजीने माझ्या लग्नात एक गोधडी शिवून दिली होती. तिच्याच दोन लुगड्यांची: वरच्या अंगाला गडद हिरवं इरकली, आतल्या अंगाला जांभळं. चारी बाजूंनी आत-आत जाणारा धावदोरा, टाके इतके बारीक की पाठीला कुठेच टोचत नाहीत. मला काठाकडची बाजू हनुवटीखाली घ्यायची सवय. नाशिकच्या पहिल्या हिवाळ्यात रात्री जेल लावायचो, पाच मिनिटं थांबायचो, सुकलं असं वाटायचं आणि गोधडीत शिरायचो. संक्रांतीच्या सुमाराला आईने गच्चीवर अंथरुणं उन्हात घातली आणि वरूनच हाक मारली, "अरे, हिच्यावर काय सांडवलंस?" वर जाऊन पाहिलं. इरकली हिरव्यावर, काठालगत, एका ओळीत सात-आठ फिकट नारिंगी ठिपके. एखाद्याने ओल्या बोटांनी धरलेली असावी तसे. आईने आधी फिनाइलवर संशय घेतला, मग बंबातल्या राखेवर. साबण लावून घासलं, लिंबू चोळलं. डाग असता तर निघाला असता. तिथला रंगच गेला होता.

पेरॉक्साइड रंग उडवतं हे ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी ते वाचलंही होतं. पण उन्हाळ्यात, ठाण्यात, ते फक्त उशीच्या अभ्र्यापुरतं होतं. अभ्रा पांढरा, विषय संपला. थंडीत चेहऱ्याला लागून किती कपडे असतात ते मोजा: गोधडी, मफलर, स्वेटरचा गळा, कानटोपीची पट्टी, शाल. सगळे गडद रंगाचे, बहुतेक लोकरीचे, आणि रोज न धुतले जाणारे. त्यात थंडीत वरून मॉइश्चरायझर लावावंच लागतं. मग जेल चेहऱ्यावर बसायच्या ऐवजी घसरतं, असा माझा अंदाज.

मी लगेच हार मानली नाही. रात्रीचं सकाळी नेलं; मग ऑफिसच्या निळ्या स्वेटरच्या कॉलरला पांढरी किनार आली. जेल सोडून फेसवॉश घेतला, दोन मिनिटं ठेवून धुवायचा. ही युक्ती खरोखर चांगली आहे आणि कातडी कमी सोलवटते, पण कानशिलाजवळ, जबड्याखाली थोडा फेस राहतोच. बेसिनवरचा पाहुण्यांसाठीचा मरून टॉवेल महिन्याभरात ढगाळ झाला. शेवटचा घाव मुलीच्या शाळेच्या स्वेटरवर पडला. सकाळी तिला रिक्षात बसवताना रोज कडेवर घ्यायचो, माझा गाल तिच्या खांद्यावर. जानेवारीत तिच्या वर्गात एकाच मुलीच्या मरून स्वेटरला उजव्या खांद्यावर गुलाबी ढग होता. नवा स्वेटर अर्ध्या हंगामात मिळत नाही, हे त्या दिवशी कळलं.

कुणी म्हणेल, पांढरी चादर घे, पांढरा टॉवेल घे. हॉस्टेलवर एकटे राहत असाल तर जरूर घ्या. भरल्या घरात एका माणसाच्या पुटकुळीसाठी सगळ्यांचे कपडे पांढरे करता येत नाहीत.

अडापॅलीनकडे मी असा, कंटाळून आलो. गुणांवर भाळून नव्हे.

अडापॅलीन हे रेटिनॉइड, म्हणजे अ-जीवनसत्त्वाच्या गोत्रातलं. उठलेल्या पुटकुळीशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. ते छिद्राच्या तोंडाशी पेशी कशा झडतात तेच बदलतं, म्हणजे बूच बसण्याआधीच काम करतं. वर थंडीचं जे गणित सांगितलं, त्यात नेमका हाच दुवा महत्त्वाचा आहे. अमेरिकेत ०.१ टक्क्याचं जेल २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे मात्र ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, आणि पहिली भेट तरी डॉक्टरांची घ्यावीच.

दुर्गुण? आहेत, आणि थंडीत ते ठळक दिसतात. माझा पहिला प्रयत्न चुका कशा करू नयेत याचा नमुना होता. डिसेंबरच्या मध्याला सुरुवात. कढत पाण्याने आंघोळ, ओल्या चेहऱ्यावर लगेच जेल, तेही प्रत्येक पुटकुळीवर थापून, रोज रात्री. पाचव्या दिवशी ओठांचे कोपरे चिरले. रविवारी मिसळीची पहिली तर्री लागली आणि डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्याला वाटलं, तिखट सोसत नाही. त्याच आठवड्यात दाढी करायला गेलो. सलूनवाल्याने सवयीने तुरटी फिरवली. आरशात माझं तोंड पाहून त्यानेच खुर्ची मागे ढकलली. नाकाच्या बाजूंनी कोंडा असा सुटत होता की काळा शर्ट घालायची सोय उरली नाही.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी बदलायला लावल्या. आठवड्यात दोनच रात्री. आधी मॉइश्चरायझर, ते मुरू द्यायचं, मग औषध, वाटलं तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर. आणि प्रमाण: सगळ्या चेहऱ्याला मिळून एक मटारदाणा. पुटकुळीवर थापायचं नाही, सगळीकडे पातळ पसरायचं. फक्त पापण्या, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठांचे कोपरे सोडायचे. तिथे उलट औषधाच्या आधी व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. पुढे सोसलं तर एकाआड एक रात्र. सकाळी सनस्क्रीन, थंडीतलं कोवळं ऊन असलं तरी.

तीन आठवड्यांत कोंडा थांबला. पुटकुळ्या मात्र वाढल्या. हे होतं. आत दबलेली बुचं वर येतात, आणि नेमके इथेच बहुतेक लोक ट्यूब फेकून देतात. मीही दोनदा कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो. खरा फरक दहाव्या आठवड्याच्या आसपास दिसला: नवीन येणंच कमी झालं होतं. आली तरी एखादी, आणि तीही ठसठस न करता गेली. अर्थात तोवर मार्च उजाडला होता, तेव्हा श्रेय औषधाचं किती आणि ऋतूचं किती, असं तुम्ही विचारू शकता. म्हणून पुढच्या वर्षी नवरात्रात सुरू केलं. थंडी पडेपर्यंत कातडी सरावली होती. तो हिवाळा हनुवटीवर दोन पुटकुळ्यांत निघाला. एका माणसाचा, एका हनुवटीचा अनुभव. पण मला पुरला.

तुम्ही आत्ता, ऐन थंडीत, हे वाचत असाल तर डिसेंबर-जानेवारीत अडापॅलीन सुरू करूच नये असं नाही. आठवड्यातून एक रात्र, एवढ्या कंजूषपणे सुरू करा आणि होळीपर्यंत काही मागू नका.

माझं मन कशाने कललं ते सांगतो. अडापॅलीनचा त्रास माझ्या चेहऱ्यापुरता आहे आणि त्याला लगाम आहे. गाल ओढले की एक रात्र गाळतो, क्रीम वाढवतो, दोन दिवसांत सावरतं. पेरॉक्साइडची आगही तशी आवरता येते. पण रंग उडण्याला लगाम नाही, आणि तो त्रास घरभर फिरतो. हे मोजमाप नव्हे, याची कल्पना आहे. तुमच्याकडे गोधडी नसेल, किंवा असून तिच्याबद्दल काही वाटत नसेल, तर पारडं सहज दुसरीकडे झुकू शकतं.

काही ठिकाणी तर ते झुकायलाच हवं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अडापॅलीन बाद. डॉक्टरांना विचारून पेरॉक्साइड किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड बघा. दहा दिवसांवर साखरपुडा असेल तर अडापॅलीन सुरू करणं म्हणजे स्वतःच्या फोटोंशी वैर. वॅक्सिंग, थ्रेडिंग नियमित असेल तर अडापॅलीनवर असताना ओठांवरची कातडी केसांबरोबर निघते. वॅक्सच्या आधी काही दिवस ते थांबवावं लागतं, आणि पार्लरच्या ताईंना आधी सांगावं. अठरा-एकोणीसच्या पोरांच्या लालभडक, पुवाच्या पुटकुळ्यांना एकटं अडापॅलीन अपुरं पडतं, तिथे दोन्हींची जोडी लागते. अडापॅलीन पेरॉक्साइडशेजारी टिकतं, म्हणून एकाच ट्यूबमध्ये दोन्ही असलेलं जेलही मिळतं. रंग मात्र तेही उडवतं.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश? ब्लॅकहेडसाठी ठीक. नाशिकच्या थंडीत रोज दोनदा म्हणाल तर नको.

कपाळावर, केसांच्या कडेला, एकसारखे बारीक, खाजणारे दाणे आले असतील तर ते कदाचित मुरुमच नाहीत. तेल, कानटोपी, घाम आणि डोक्यातला कोंडा यांच्या संगतीत एक बुरशी माजते आणि ती असे दाणे उठवते. त्यावर अडापॅलीन लावून काही होत नाही. कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या वाटेला जावं लागतं. माझ्या मावसभावाचं निम्मं कपाळ हेच निघालं. त्याची दोन वर्षं पुटकुळ्यांच्या मलमात गेली होती. आधी कानटोपी धुवा, रात्री डोक्याला तेल थापणं बंद करा, मग औषधाचं बोलू.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंना न बसणारी, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेडिकलमध्ये "गोरं पण होतं, पिंपल पण जातात" म्हणून एक मलम मिळतं, ज्यात स्टेरॉइड असतं. थंडीत त्याची भुरळ जास्त, कारण आग, लाली, खाज सगळं दोन दिवसांत गप्प बसतं. महिन्याभरात कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरा दिसायला लागतात, आणि बंद केलं की आधीपेक्षा दुप्पट उठतं. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ती चेहऱ्यासाठी घेऊ नका. कोणी कितीही प्रेमाने दिली तरी.

डिंकाच्या लाडवांवर आरोप करावा की नाही, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. "उष्ण पडतं" हे आईचं मत. माझं मत असं की साखरेचा आणि दुधाचा संबंध थोडा तरी असावा. उष्ण-थंडाचं मला कळत नाही. लाडू मात्र दोघेही खातो. दिवाळीच्या उटण्याबद्दलही तसंच: एका दिवसाच्या अभ्यंगाने काही बिघडत नाही, पण अडापॅलीनवर असाल तर उटणं चेहऱ्यावर घासू नका. मी घासलं होतं. नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता घरात माझाच आवाज सर्वात मोठा होता, फटाक्यांसकट.

पेरॉक्साइड मी पूर्ण सोडलेलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे. स्वेटरच्या आत पाठीवर जाड पुटकुळ्या येतात, तिथे अडापॅलीन पसरायला ट्यूब पुरत नाही आणि पाठीची कातडी दणकट असते. तिथे पेरॉक्साइडच बरं पडतं. त्या रात्री मी पांढरा बनियन घालतो आणि पांघरायला जुनी सोलापुरी चादर घेतो, जिला आता जायला रंगच उरलेला नाही. गोधडी घडी करून पायाशी.